चिरमुऱ्याचे लाडू मऊ का पडतात? गूळ कसा निवडायचा, पाक कसा ओळखायचा. घरच्या घरी करण्याची सगळी माहिती

मोबाइलवर व्हिडिओ बघितला, सामान आणलं, सांगितलं तसं पाच मिनिटं गूळ उकळला, चिरमुरे टाकले. लाडू वळले पण गेले. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर लाडवांचा मऊ, चिकट गोळा झालेला. नाहीतर उलटं. कढईतच सगळं दगडासारखं बसलं आणि उलथनं मोडायची वेळ आली. चिरमुऱ्याच्या लाडवाबाबत ही तक्रार गावोगावी ऐकायला मिळते.

सामान म्हणाल तर दोनच वस्तूंचं. चिरमुरे आणि गूळ. दोन्ही आपल्याच भागात मिळतात. तरीही संक्रांत, गावची यात्रा, मुलांचं बोरन्हाण जवळ आलं की घराघरांत बाजारातून पिशवीतले लाडू येऊ लागले आहेत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमच्या हाताला जमत नाही." खरं तर हाताचा दोष फार थोडा असतो. चुकतो तो पाक. तो का चुकतो हे एकदा समजलं तर लाडू नवशिक्यालाही जमतात.

एकच पदार्थ, नावं चार

कोल्हापूर, सांगली भागात याला चिरमुरे म्हणतात. पुण्याकडे चुरमुरे, विदर्भ-मराठवाड्यात मुरमुरे आणि मुंबई-कोकणात कुरमुरे. वस्तू एकच. जयसिंगपूर-सांगलीकडचा भडंग ज्या जाड चिरमुऱ्यांचा करतात ते मात्र थोडे वेगळे. ते टपोरे आणि खमंग असतात, तिखट-मीठ लावायला चांगले. लाडवाला साधे, पांढरे, हलके चिरमुरे घ्यावेत. तेल किंवा हळद लावलेले चिरमुरे लाडवाला चालत नाहीत. तेलामुळे पाक धरत नाही.

चिरमुरे आणि लाह्या यांत अनेकांचा गोंधळ होतो. लाही म्हणजे साळ, ज्वारी किंवा राजगिरा थेट तापवून फुटलेला दाणा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ठेवतात त्या साळीच्या लाह्या. चिरमुऱ्याला मात्र आधी तांदूळ शिजवावा लागतो. भात भिजवून उकडतात, वाळवतात, मग त्याचं साळ काढतात. त्या तांदळाला मिठाचं पाणी लावून तो तापलेल्या वाळूत टाकला की काही सेकंदांत फुलतो. आधी शिजून वाळल्यामुळे दाणा आतून काचेसारखा कडक झालेला असतो. त्यात थोडा ओलावा शिल्लक असतो. वाळूच्या उष्णतेने त्या ओलाव्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि दाणा फुगतो. म्हणून चिरमुरा आतून सगळा पोकळ, जाळीदार असतो.

ही पोकळी लाडवाच्या कामाची आहे आणि धोक्याचीही. पोकळ दाणा हवेतला ओलावा पटकन ओढतो. किराणा दुकानातल्या उघड्या पोत्यातले चिरमुरे दिसायला चांगले असले तरी बहुतेक वेळा दमट असतात. अशा चिरमुऱ्यांचा लाडू कितीही चांगला पाक केला तरी चिवट होतो.

गूळ कोणता घ्यायचा

कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध आहे. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कोल्हापूरच्या बाजारातला म्हणून प्रत्येक गूळ लाडवाला चालतोच असं नाही. गूळ घेताना चार गोष्टी बघा.

पहिली, कडकपणा. ढेपेचा किंवा भेलीचा तुकडा मोडताना कट्कन मोडला पाहिजे. नखाने दाबल्यावर खड्डा पडणारा, हाताला ओलसर लागणारा गूळ पाकाला कमजोर असतो. पडलेल्या, लोळलेल्या किंवा फार जून झालेल्या उसाचा गूळ बऱ्याचदा असा होतो, कारण उसातल्या साखरेचं आधीच विघटन झालेलं असतं. अशा गुळाचा पाक कितीही आटवला तरी लवकर पाझरतो.

दुसरी, चव. जिभेवर ठेवल्यावर खारट लागला तर तो गूळ क्षारपड रानातल्या उसाचा असण्याची शक्यता जास्त. चिरमुऱ्यात आधीच मीठ असतं. त्यात असा गूळ पडला की लाडू खारट होतो आणि ओलही लवकर धरतो.

तिसरी, रंग. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ ही समजूत सोडून द्यावी. गूळ उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी गंधकयुक्त पावडर वापरतात. तिला गुऱ्हाळावर हायड्रोस म्हणतात. चांगल्या गुऱ्हाळावर रस स्वच्छ करायला रानभेंडीचा चिकट रस वापरायची जुनी पद्धत आहे. अशा गुळाचा रंग तांबूस ते तपकिरी येतो. मात्र गडद दिसला म्हणजे सेंद्रियच, असंही समजू नये. ओळखीच्या गुऱ्हाळावरून, समोर काढलेला गूळ घेणं हा सगळ्यांत सोपा मार्ग.

चौथी, भेसळ. गुळाचा छोटा तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवा आणि थोडा वेळ न हलवता ठेवा. तळाला पांढरा गाळ जाड बसला तर त्यात खडूची भुकटी असू शकते. थोडी माती, चिपाडाचे कण दिसले तर घाबरू नका, ते गाळून निघतात.

बाजारात "चिक्कीचा गूळ" म्हणून वेगळा गूळ मिळतो. तो चिकट असतो आणि पाक लवकर धरतो. त्यात अनेकदा साखर मिसळलेली असते, हे लक्षात ठेवून घ्यावा. तो नाहीच मिळाला तर साध्या कडक गुळाचे लाडू उत्तम होतात.

गुळव्या काय बघतो, तेच आपण बघायचं

पाक समजून घ्यायचा तर एकदा गुऱ्हाळावर उभं राहावं. उसाचा रस काहिलीत उकळतो, मळी वर येते, ती काढतात, रस आटत जातो. शेवटी फेस जाड होतो, बुडबुडे संथ होतात. त्या वेळी गुळव्या घड्याळाकडे बघत नाही. तो थोडा रस पाण्यात सोडतो, बोटांनी गोळा करतो आणि अंदाज घेऊन काहील उतरवायला सांगतो. तापमान मोजलं तर ते साधारण 118 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मग तो रस वाफ्यात ओततात, घोटतात आणि गूळ बसतो.

लाडू मऊ का पडतो याचं उत्तर इथेच आहे. घरी आपण गुळात थोडं पाणी घालून तो वितळवतो, म्हणजे त्याला पुन्हा रसाकडे मागे नेतो. मग आटवतो. आपण काहिलीइतकाच आटवून थांबलो तर थंड झाल्यावर त्याचा पुन्हा गूळच होणार. मऊ, हाताला चिकटणारा, भुगा होणारा गूळ. चिरमुऱ्यांना असा गूळ नुसता माखतो, त्यांना धरून ठेवत नाही. लाडवाचा पाक गुळाच्या पुढे गेला पाहिजे. त्यातलं पाणी इतकं कमी झालं पाहिजे की थंड झाल्यावर तो काचेसारखा कडक व्हावा. ती वेळ साधारण 130 ते 145 अंशांच्या दरम्यान येते. त्यापुढे थोडं गेलं की गूळ करपायला लागतो.

घरात तापमान मोजायचं यंत्र कोणाकडे नसतं आणि त्याची गरजही नाही. पाण्याची वाटी पुरते. मिनिटं मोजणाऱ्या व्हिडिओवर मात्र भरवसा ठेवता येत नाही. त्या बाईची कढई वेगळी, शेगडी वेगळी, गूळ वेगळा, गुळात घातलेलं पाणी वेगळं. कुणाकडे गॅस, कुणाकडे चूल. पाच मिनिटांत एकीचा पाक कच्चा असतो, दुसरीचा करपलेला.

साहित्य : पहिल्यांदा थोडंच करा

पहिल्यांदा करताना मोठा घाणा घालू नका. पाक झाल्यावर लाडू वळायला हातात दोन-तीन मिनिटंच असतात. एकट्या माणसाला एवढं पुरतं :

• चिरमुरे – 100 ग्रॅम (निवडून, चाळून)
• गूळ – 150 ग्रॅम, बारीक चिरलेला
• पाणी – 2 मोठे चमचे, फक्त गूळ वितळण्यापुरतं
• साजूक तूप – 1 लहान चमचा
• वेलची किंवा सुंठ पूड – आवडीप्रमाणे
• भाजून साल काढलेले शेंगदाणे, फुटाण्याची डाळ किंवा खोबऱ्याचे काप – हवे असतील तर मूठभर

100 ग्रॅम चिरमुरे दिसायला भरपूर दिसतात, त्यामुळे वाटीने मोजण्यापेक्षा वजन करून घेतलेले बरे. यात लिंबापेक्षा थोडे मोठे असे दहा-बारा लाडू होतात. जमलं की मग दुप्पट करा, पण तेव्हा वळायला सोबत दुसरं माणूस हवंच.

कृती

1. चिरमुरे भाजा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा. रंग बदलू द्यायचा नाही. दोन दाणे बोटांत चुरडून बघा. कुर्रकन भुगा झाला पाहिजे. दाणा दबला पण मोडला नाही तर अजून भाजा. उन्हाळ्यात कडक उन्हात तासभर पसरले तरी चालतात. भाजलेले चिरमुरे मोठ्या परातीत काढून कोरड्या जागी ठेवा.

2. सगळी तयारी आधी करून ठेवा. तूप लावलेलं ताट, हात ओले करायला पाण्याचं भांडं, पाक बघायला गार पाण्याची वाटी. दाणे, डाळ, वेलची चिरमुऱ्यांत मिसळून ठेवा. पाक झाल्यावर डबे शोधत बसायला वेळ मिळत नाही.

3. गूळ वितळवून गाळा. कढईत गूळ आणि पाणी घालून मंद आचेवर ठेवा. गूळ पूर्ण विरघळला की गाळणीतून किंवा स्वच्छ कापडातून गाळून घ्या. खाली वाळूचे, चिपाडाचे कण राहतील. ते लाडवात गेले तर दाताखाली कचकच येते. कढई धुऊन, पुसून त्यात गाळलेला गूळ पुन्हा घाला. तूप आत्ताच टाका.

4. मध्यम आचेवर आटवा. सतत हलवत राहा. आधी मोठे, पातळ बुडबुडे येतात. मग बुडबुडे लहान आणि जाड होतात, पाक वर फसफसतो. इथून वाटीत बघायला सुरुवात करा. चूल असेल तर लाकडं मागे ओढून निखाऱ्यावर काम करा, जाळ वाढला तर पाक हाताबाहेर जातो.

5. पाक तयार झाला की आच बंद करा आणि लगेच चिरमुरे घाला. दोन उलथन्यांनी तळापासून वर असं भराभर मिसळा. प्रत्येक दाण्याला पाक लागला पाहिजे, पण चिरमुरे चिरडता कामा नयेत.

6. हात पाण्याने ओले करून, पाणी झटकून, गरम असतानाच लाडू वळा. आधी हलक्या हाताने गोळा करा, मग एकदाच घट्ट दाबा. हाताला फार पाणी राहिलं तर तेच लाडवात जातं आणि लाडू नरम पडतो. मिश्रण बसायला लागलं तर कढई पुन्हा मंद आचेवर अर्धा मिनिट ठेवा, पाक सैल होतो.

7. लाडू ताटात सुटे ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट लाडू डब्यात बंद केले तर वाफेचं पाणी सुटतं आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

वाटीतला पाक कसा ओळखायचा

वाटीत गार पाणी घ्या. पाकाचे चार-पाच थेंब त्यात सोडा. बघत असताना आच बंद किंवा अगदी बारीक ठेवा, कारण आपण वाटीत बघतो तोवर कढईतला पाक पुढे जातच असतो.

थेंब पाण्यात पसरला, विरघळला – पाक कच्चा आहे. आटवा.

थेंब जमला, बोटांनी गोळी होते पण दाबली की चपटी होते – हा मऊ गोळीचा पाक. राजगिऱ्याच्या लाडवाला हा चालतो. चिरमुऱ्याला नाही. बहुतेक घरांत चूक इथेच होते. गोळी झाली म्हणून आच बंद करतात आणि लाडू दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

गोळी घट्ट झाली, दाबली तरी दबत नाही, ताटलीवर टाकली की टण असा आवाज येतो – हाच चिरमुऱ्याच्या लाडवाचा पाक. आच बंद करा.

थेंब पाण्यात पडताच कडक झाला आणि वाकवला तर काडीसारखा मोडला – हा चिक्कीचा पाक. याचेही लाडू होतात, कुरकुरीत होतात, पण वळायला क्षणभरही उसंत मिळत नाही. अशा वेळी लाडू वळण्याचा नाद सोडून मिश्रण ताटात थापून वड्या पाडाव्यात.

रंग काळपट झाला, धूर किंवा कडवट वास आला – पाक करपला. तो वाचत नाही. दोन लाडवांसाठी सगळे चिरमुरे त्यात घालू नका.

टण आवाज आणि काडीसारखा मोडणं, या दोन्हींत फार थोडा वेळ असतो. म्हणून मऊ गोळी दिसली की दर पंधरा-वीस सेकंदांनी बघत राहावं आणि प्रत्येक वेळी वाटीतलं पाणी बदलावं. पाणी गरम झालं तर ते खोटं सांगतं.

चुकलं तर काय

लाडू वळतच नाहीत, सुटे होतात – पाक कमी पडला किंवा मिश्रण गार झालं. गार झालं असेल तर कढई मंद आचेवर धरा. पाकच कमी असेल तर थोड्या गुळाचा नवा पाक करून त्यात मिसळा.

दुसऱ्या दिवशी मऊ पडले – पाक कच्चा, चिरमुरे दमट किंवा डबा सैल. तिन्ही तपासा. असे लाडू फेकू नका. ते फोडून, थोडे शेंगदाणे घालून मुलांना दुधासोबत देता येतात.

फार कडक झाले – पाक पुढे गेला. म्हाताऱ्या माणसांच्या दातांना असे लाडू झेपत नाहीत. त्यांच्यासाठी मऊ गोळीच्या पाकातले राजगिऱ्याचे लाडू वेगळे करावेत.

चिरमुरे आक्रसले – पाकात पाणी राहिलं होतं. चिरमुरे ते पाणी प्यायले आणि बसले.

याच पाकातले बाकीचे पदार्थ

एकदा वाटीतला पाक ओळखता आला की बाकीचे लाडू सोपे आहेत. राजगिऱ्याच्या लाह्यांना दीडपट ते दुप्पट गूळ लागतो आणि पाक मऊ गोळीचा. तो उपवासालाही चालतो. ज्वारीच्या लाह्या नागपंचमीला घरोघर असतात. उरलेल्या लाह्यांचे लाडू चिरमुऱ्यासारखेच करता येतात, फक्त न फुटलेले टणक दाणे चाळून काढावे लागतात. साळीच्या लाह्यांना साळीची टरफलं चिकटलेली असतात, ती नीट निवडली नाहीत तर घशात टोचतात. शेंगदाण्याच्या चिक्कीला मात्र काडीसारखा मोडणारा पाकच हवा.

लाह्या आणि गुळाचं हे जोडकाम फक्त आपल्याकडचं नाही. बंगालात जयनगरचा मोया प्रसिद्ध आहे. तो एका खास सुवासिक भाताच्या लाह्या आणि थंडीत निघणारा खजुरीचा गूळ यांचा करतात, आणि त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. तमिळनाडूत कार्तिकी दीपाच्या सणाला चिरमुऱ्याचे आणि लाह्यांचे गुळातले लाडू करतात. जिथे भात आणि गूळ दोन्ही पिकतात तिथे हा खाऊ आहेच.

तब्येतीचं काय

गुळाबद्दल मोबाइलवर बरंच काही फिरत असतं. "गूळ खाल्ल्याने साखर वाढत नाही" हा त्यातला सगळ्यांत धोक्याचा निरोप. गूळ ही उसाचीच साखर आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तातली साखर गुळानेही वाढते. घरात मधुमेही असेल तर लाडू "घरचा आहे, गुळाचा आहे" म्हणून मोकळ्या हाताने देऊ नये.

गुळात लोह असतं हे खरं आहे, पण रक्त कमी असलेल्या बाईने दवाखान्यातल्या गोळ्या सोडून लाडवावर राहणं चुकीचं आहे. चिरमुरा नुसता म्हटला तर बहुतेक पिठूळ पदार्थ, पोट भरतो पण ताकद कमी. त्यात शेंगदाणे आणि फुटाण्याची डाळ घातली की तोच लाडू मुलांसाठी जास्त कामाचा होतो. मात्र चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे असलेला लाडू देऊ नका, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. दाणे कुटून घाला. बोरन्हाणाला जमलेली मुलं अगदी लहान असतात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा.

पाकाने भाजलं तर

लाडू करायचे म्हटलं की मुलं चुलीभोवती गोळा होतात. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, म्हणून जखम खोल होते. पाक करताना मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा, वळायच्या वेळी हवं तर बोलवा. चिरमुरे घातल्यावरही आत गरम पाकाचे गोळे राहतात, म्हणून हात घालण्याआधी उलथन्याने चाचपून बघा.

कुणाला भाजलंच तर लगेच साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. पाण्याने पाक विरघळूनही निघतो. चिकटलेला पाक ओरबाडू नका. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ यातलं काही लावू नका. फोड मोठा असेल, चेहरा किंवा हात भाजला असेल, किंवा भाजलेलं मूल असेल तर पाण्याखाली धरल्यानंतर थेट दवाखाना गाठा.

टिकवायचे कसे

गूळ हवेतलं पाणी ओढतो, चिरमुराही ओढतो. दोघांना वाचवायचं तर झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा हवा. थंडीच्या दिवसांत लाडू पंधरा-वीस दिवस कुरकुरीत राहतात. पावसाळ्यात आठवडाभरात संपतील एवढेच करावेत. डब्यात ओला हात घालू नये. मोठ्या डब्यातून रोज काढण्यापेक्षा दोन लहान डबे करून एक बंद ठेवलेला बरा.

गुऱ्हाळं सुरू होऊन नवा गूळ बाजारात आलेला असतो आणि हवा कोरडी असते, म्हणून संक्रांतीच्या आसपासचे दिवस या लाडवाला सगळ्यांत चांगले.

बचत गटाच्या महिलांनी विक्रीसाठी लाडू करायचे ठरवले तर आधी अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्यावी आणि पिशवीवर काय काय घातलं आहे, कधी तयार केलं, किती दिवस चांगलं राहील हे लिहावं. शेंगदाणा घातला असेल तर तो ठळक लिहावा, काहींना त्याची ॲलर्जी असते. गिऱ्हाईक एकदा मऊ लाडू खाऊन गेलं तर परत येत नाही. म्हणून पहिले दोन-तीन घाणे घरात खाऊन, डब्यात आठवडाभर ठेवून बघावेत आणि मगच बाजारात जावं.

आजीला विचारा, पण वाटी समोर ठेवून

बऱ्याच घरांत अजून अशी आजी आहे जिने आयुष्यभर यात्रेचे, संक्रांतीचे लाडू केले. तिला कृती विचारली तर ती म्हणते, "पाक झाला की घालायचे." पाक कधी होतो ते तिला सांगता येत नाही, कारण तिने ते कधी शब्दांत मांडलेलंच नाही. ते तिच्या बोटांना माहीत असतं.

तिला चुलीजवळ पाटावर बसवा. गूळ तुम्ही आटवा. वाटीतली गोळी दर वेळी तिच्या बोटांत द्या आणि "झाला" म्हणेल तेव्हा थांबा. मोबाइल आहेच, तर तिच्या चेहऱ्याबरोबर ती वाटी, ती गोळी आणि ताटलीवरचा तो टण आवाजही व्हिडिओत येऊ द्या. पुढच्या संक्रांतीला घरात लाडू कुणीही वळलं तरी बघायला तो व्हिडिओ घरचा असेल.